बँकॉकला निघण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

बँकॉकचं तिकीट काढलंस, हे वाचून फार आनंद झाला. पहिल्याच परदेशवारीला एकटीनं जायचं तर ते शहर खरंच चांगलं आहे. फक्त तिथल्या रस्त्यांच्या भरवशावर राहू नकोस. संध्याकाळी सुखुमवित रोडवर टॅक्सीत बसलीस, तर मीटर पळतो आणि गाडी जागची हलत नाही. ते शहर रुळांवरून आणि पाण्यातून फिरायचं. म्हणून हॉटेल बघताना नाश्ता, स्विमिंग पूल हे सगळं नंतर. आधी नकाशा उघड आणि बीटीएस (रस्त्यावरच्या पुलावरून धावणारी गाडी) किंवा एमआरटीचं (मेट्रो) स्टेशन चालत पाच-सात मिनिटांत येतं ना, ते पाहा. या दोन्हींची तिकिटं वेगळी असतात, एकाचं दुसरीकडे चालत नाही.

सुवर्णभूमी विमानतळावर उतरलीस की सरकत्या जिन्यानं अगदी खाली जा. तिथून एअरपोर्ट रेल लिंक ही गाडी फया थाय स्टेशनपर्यंत साधारण अर्ध्या तासात नेते आणि तिथे बीटीएस मिळते. पैसेही वर, सामानाच्या पट्ट्याजवळ बदलू नकोस. याच खालच्या मजल्यावरच्या काउंटरांवर भाव बराच चांगला असतो. एटीएममधून काढशील तर दर वेळी दोनशे बाटांच्या (बाट हे तिथलं चलन) वर शुल्क जातं, तेव्हा थोडे थोडे काढू नकोस.

एक अख्खी सकाळ नदीला दे. बीटीएसच्या साफान ताक्सिन स्टेशनाखालीच सातोर्नचा धक्का आहे. तिथे निळ्या झेंड्याची पर्यटक बोट दिसेल, पण तू नारिंगी झेंड्याच्या बोटीत बस. ती स्वस्त आहे आणि ऑफिसला निघालेले लोक, शाळेची मुलं त्याच बोटीत असतात. ता तियेनला उतरलीस की समोर वाट फो हे मंदिर. तिथला पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे. त्याच धक्क्यावरून होडीनं नदीपलीकडे गेलीस की वाट अरुण हे मंदिर. राजवाडाही तिथून चालत जाण्याजोगा आहे. तो साडेआठला उघडतो, तेव्हाच जा, दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही सोसवत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आपला साधा सलवार-कुडता उत्तम.

राजवाड्याच्या बाहेर एखादा नीटनेटका माणूस गोड बोलून सांगेल, "आज बंद आहे, मी टुकटुकवाल्याला (तिथली रिक्षा) सांगतो, वीस बाटांत शहर दाखवेल." त्याच्याशी वाद घालू नकोस, सरळ फाटकापर्यंत चालत जा. ती टुकटुक रत्नांच्या नाहीतर कपड्यांच्या दुकानात नेऊन थांबते. काही अडचण आलीच तर पर्यटक पोलिसांचा 1155 हा नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेव.

तू शाकाहारी, तेव्हा तुझ्या जेवणाची मला खरी काळजी आहे. भाजीच्या थाळीतही माशाचा सॉस असतो, करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट असते, पपईच्या सॅलडमध्ये सुकट असते. नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही. "किन जे" असं सांग, म्हणजे 'मी जे, म्हणजे शुद्ध शाकाहारी, खाते'. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली की ते दुकान 'जे'चं. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, कांदा-लसूणही नाही. अगदीच घरची आठवण आली तर फाहुरात भागात गुरुद्वारा आहे आणि आजूबाजूला भारतीय खाणावळी आहेत. नळाचं पाणी पिऊ नकोस.

भिक्खूंना बाईनं स्पर्श करायचा नसतो. बोटीत, गाडीत थोडं अंतर ठेव. राजघराण्याबद्दल गमतीतही बोलू नकोस, तिथे त्यासाठी तुरुंग आहे. ई-सिगारेटवरही बंदी आहे, सोबतच्या कुणी दिली तरी हातात घेऊ नकोस.

तिथे पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे थायलंडमध्ये प्रवेशाचा फॉर्म, ऑनलाइन भर. ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद कर.

येतानाचं मात्र नीट लक्षात ठेव. बँकॉकहून हायड्रो गांजा (मातीशिवाय, पाण्यात वाढवलेला) आणणारे प्रवासी मुंबई विमानतळावर सारखे पकडले जातात. त्यांतल्या काहींना फुकटच्या सहलीचं आमिष दाखवलेलं असतं. "एवढं पाकीट माझ्या भावाला दे" म्हणणारी व्यक्ती कितीही सोज्वळ वाटली, मराठी बोलणारी असली, तरी नाही म्हण. बॅग स्वतः भर, स्वतः कुलूप लाव आणि काउंटरवर देईपर्यंत नजरेआड करू नकोस.

तुझी,
ताई