वाचकांचे प्रश्न : चोरी, भाडे आणि सावली

या अंकासाठी निवडलेले प्रश्न बडोद्यातल्या वाचकांचे आहेत. बोलताना आपण एका मराठी शब्दावर काम भागवतो आणि इंग्रजी अर्ज समोर आला की अडतो, असे त्यांतून दिसते. पुष्कळदा नेमका शब्द मराठीतही असतो. तो आधी आठवला तर इंग्रजीची निम्मी अडचण सुटते.

प्रश्न : दुकानात रात्री चोरी झाली. विम्याच्या अर्जात ‘थेफ्ट’, ‘बर्गलरी’ आणि ‘रॉबरी’ असे तीन चौकोन आहेत. तिन्ही म्हणजे चोरीच ना? खूण कुठे करावी? – एक दुकानदार, रावपुरा

खूण करण्याआधी शटरचे कुलूप पाहा. मालकाच्या संमतीशिवाय वस्तू उचलून नेणे म्हणजे थेफ्ट. मांडवीच्या गर्दीत खिशातून फोन गेला, दारातली सायकल गेली, तर थेफ्ट. रॉबरीत माणूस समोर उभा असतो आणि मारहाण करून किंवा धाक दाखवून माल नेतो. पोलिसांच्या मराठीत ती जबरी चोरी. बर्गलरी म्हणजे घरफोडी. विमा कंपन्यांच्या बर्गलरी पॉलिसीत साधारणपणे आत शिरताना जोर लावल्याची खूण मागतात : तुटलेले कुलूप, कापलेला गज, फोडलेली भिंत. दिवसा गिऱ्हाइकाने काउंटरवरून वस्तू लांबवली किंवा नोकराने गल्ल्यातून पैसे काढले, तर ते थेफ्ट झाले. ते अशा पॉलिसीत सहसा बसत नाही. दावे इथेच अडतात. म्हणून पॉलिसीतली व्याख्या वाचा, तुटलेल्या कुलपाचा फोटो काढा, पंचनामा होईपर्यंत ते बदलू नका, आणि पोलिसांकडच्या तक्रारीत व विम्याच्या अर्जात घटनेचे वर्णन एकसारखे ठेवा.

वाक्य लिहिताना आणखी एक चूक होते. ‘स्टील’ या क्रियापदाचे कर्म वस्तू असते, ‘रॉब’चे कर्म माणूस किंवा बँक. त्यामुळे ‘माय मोबाइल वॉज रॉब्ड’ चूक. ‘माय मोबाइल वॉज स्टोलन’ किंवा ‘आय वॉज रॉब्ड’ बरोबर. मराठीतही आपण मोबाइल चोरला म्हणतो आणि मला लुटले म्हणतो, तोच हा भेद. मोबाइल रिक्षात राहिला असेल तर मात्र ‘स्टोलन’ लिहू नका, ‘लॉस्ट’ लिहा.

पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली तर कायद्याच्या भाषेत ती ‘डकॉइटी’, म्हणजे दरोडा. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१० त्याचेच आहे. हा शब्द आपल्याकडच्या ‘डाका’वरून इंग्रजीत गेला.

प्रश्न : मुलाने फतेहगंजला खोली घेतली. कागदावर ‘लीव्ह अँड लायसन्स’ लिहिले आहे आणि मुदत ११ महिन्यांची. रेंट, लीज, लायसन्स यांत फरक काय? – एक पालक, दांडिया बाजार

रेंट हे पैशाचे नाव, दरमहा देतो ते भाडे. लीज म्हणजे भाडेपट्टा. त्यात ठरावीक मुदतीपुरता जागा उपभोगण्याचा हक्कच भाडेकरूकडे येतो (मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १०५). लायसन्समध्ये असा हक्क येत नाही, जागा वापरायची नुसती परवानगी मिळते (सुविधाधिकार कायदा १८८२, कलम ५२). ‘लीव्ह’ म्हणजे इथे रजा नव्हे. तिचा जुना अर्थ अनुमती हाच आहे. मथळ्यावर मात्र विसंबू नका. वाद झाला तर न्यायालय कागदाचे नाव पाहून थांबत नाही, खोलीचा एकट्याचा ताबा दिला होता का आणि आतल्या अटी काय आहेत हे पाहते.

११ महिन्यांचे कारण नोंदणी कायदा १९०८, कलम १७. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून मुदत वर्षाच्या आत ठेवतात. पुण्या-मुंबईला जागा घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ११ महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो.

रिक्षा-बसचे भाडे म्हणजे ‘फेअर’. लग्नाचा हॉल, खुर्च्या, भांडी थोड्या वेळासाठी घेतली तर ब्रिटिश इंग्रजीत ‘हायर’. अमेरिकेत त्यालाही ‘रेंट’ चालते. ‘आय हॅव रेंटेड अ फ्लॅट’ म्हणणारा बहुधा भाडेकरू समजला जातो, म्हणून मालकाने ‘रेंटेड आउट’ किंवा ‘लेट’ म्हणावे. दारावरच्या पाटीत ‘टु लेट’मधल्या ‘टु’ला एकच ‘ओ’ हवा. दोन घातले की अर्थ ‘फार उशीर झाला’ असा होतो.

प्रश्न : ‘लायसन्स’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘सी’ की ‘एस’? – एक विद्यार्थिनी, कारेलीबाग

ब्रिटिश पद्धतीत, जी आपल्या शाळांत चालते, नामाला ‘सी’ आणि क्रियापदाला ‘एस’. ‘प्रॅक्टिस’चेही तसेच. गोंधळ झाला तर ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइझ’ मोठ्याने म्हणा; तिथे उच्चारच वेगळा असल्याने कान सांगतो. ‘लायसन्स्ड’ क्रियापदावरून झाला, म्हणून त्यात नेहमी ‘एस’. अमेरिकेत लायसन्स दोन्हीकडे ‘एस’ने आणि प्रॅक्टिस दोन्हीकडे ‘सी’ने लिहितात.

प्रश्न : ‘वी सॅट इन द शॅडो ऑफ अ ट्री’ हे वाक्य शिक्षकांनी खोडून ‘शेड’ केले. का? – एक विद्यार्थी, मांजलपूर

दुपारी सयाजीबागेत वडाखाली बसता तेव्हा ऊन लागत नाही, गार वाटते. त्या जागेला ‘शेड’ म्हणतात. संध्याकाळी त्याच वडाची लांबट आकृती गवतावर पसरते, तिचे खोड-फांद्या ओळखू येतात, ती ‘शॅडो’, आपली पडछाया. आकार दिसतो का, हे विचारा. विसाव्यासाठी बसलात म्हणून शेड योग्य. ‘शॅडो’ला व्याकरणाने चूक म्हणता येणार नाही, पण मग वाक्यातला गारवा जातो. एक्स-रेच्या अहवालात डाग दिसला की ‘शॅडो’च लिहितात, कारण तिथे आकृती आहे. पार्किंगवरची पत्र्याची शेड हा मात्र तिसराच शब्द. देवनागरीत तो सारखा दिसतो, पण त्याचा उच्चार आखूड आणि स्पेलिंगमध्ये शेवटचा ‘ई’ नाही.

प्रश्न : ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ दोन्ही ऐतिहासिकच ना? – एक वाचक, प्रतापनगर

मराठी शब्द एकच असल्याने हा भेद फार निसटतो. १९०६ साली बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, तो निर्णय हिस्टॉरिक : इतिहासात मोलाचा. त्या काळचे कोणतेही दफ्तर, अगदी तबेल्याच्या दाण्यागोट्याची वहीसुद्धा, हिस्टॉरिकल : इतिहासाशी संबंधित. ‘क्लासिक’ म्हणजे आपल्या जातीतला उत्तम नमुना, ‘क्लासिकल’ म्हणजे शास्त्रीय किंवा अभिजात. उस्ताद फैयाझ खाँ बडोद्याच्या दरबारात गात ते क्लासिकल संगीत. ‘इकॉनॉमिक’ अर्थव्यवस्थेविषयी, ‘इकॉनॉमिकल’ काटकसरीचे. कमी पेट्रोल खाणाऱ्या स्कूटरच्या जाहिरातीत दुसराच शब्द हवा.