अनेक रात्रींचे एक छायाचित्र

वाचकांचे प्रश्न : खगोलछायाचित्रण

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातून डीएसएलआर कॅमेरा आणि ८० मिमी व्यासाच्या दुर्बिणीने देवयानी दीर्घिकेची छायाचित्रे घेतो. पहिल्या रात्री दोन-दोन मिनिटांच्या ६० फ्रेम मिळाल्या; दुसऱ्या रात्री ढग आल्यामुळे १५च मिळाल्या. दोन्ही रात्रींची छायाचित्रे स्वतंत्रपणे तयार करून शेवटी ती निम्मी-निम्मी मिसळली. एकूण अडीच तासांचा प्रकाश जमला असूनही हे चित्र पहिल्या रात्रीच्या चित्रापेक्षा अधिक रवाळ दिसते. असे का व्हावे?

उत्तर : आपल्याला दिसले ते खरेच आहे. फ्रेमांची सरासरी काढली की दीर्घिकेचा प्रकाश आहे तेवढाच राहतो आणि नॉईज, म्हणजे चित्रातील रवाळपणा, मात्र फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. १५ फ्रेमांच्या चित्रात ६० फ्रेमांच्या चित्राच्या दुप्पट नॉईज असतो, आणि ही दोन चित्रे निम्मी-निम्मी मिसळताना त्या दुबळ्या चित्राला आपण सबळ चित्राइतकाच मान दिलात. हिशेब मांडून पाहिला, तर अशा मिश्रणाची गुणवत्ता अवघ्या ४८ फ्रेमांच्या चित्राइतकी भरते; म्हणजे ७५ फ्रेम हाताशी असूनही पदरात ६०पेक्षा कमीच पडल्या. शिवाय मिसळण्यापूर्वी दोन्ही चित्रांची उजळणी वेगवेगळी झाली असेल, म्हणजे कर्व्ह्ज किंवा स्ट्रेच वापरून मंद भाग वर आणला असेल, तर पिक्सेलच्या आकड्यांचे प्रत्यक्ष प्रकाशाशी असलेले सरळ प्रमाण मोडते आणि मग कोणतीही सरासरी अर्थपूर्ण राहत नाही.

योग्य क्रम असा, की प्रत्येक रात्रीच्या फ्रेमांची दुरुस्ती त्या-त्या रात्रीपुरती करावी आणि त्यानंतर सर्व रात्रींच्या सुट्या फ्रेम एकत्र करून त्यांचे एकच स्टॅकिंग करावे, म्हणजे त्या ताऱ्यांवर जुळवून त्यांची सरासरी काढावी. असे केल्याने प्रत्येक फ्रेमला तिच्या योग्यतेइतके स्थान मिळतेच, पण आणखी एक मोठा लाभ होतो. उपग्रहाची किंवा विमानाची रेघ वगळण्याची सिग्मा क्लिपिंगसारखी पद्धत ‘या पिक्सेलवर बहुतेक फ्रेमांमध्ये काय आहे’ याच्या अंदाजावर चालते, आणि हा अंदाज १५ फ्रेमांपेक्षा ७५ फ्रेमांमधून कितीतरी अधिक भरवशाचा मिळतो.

दुरुस्ती रात्रीगणिक वेगळी का, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण बहुतेक चित्रे येथेच बिघडतात. फ्लॅट फ्रेम ही आकाशाची नोंद नसून सेन्सरवर पडलेल्या धुळीच्या सावल्यांची आणि कडांकडे मंदावणाऱ्या प्रकाशाची नोंद आहे. कॅमेरा काढून पुन्हा बसवला, थोडा फिरवला, फोकस लक्षणीय बदलला किंवा धुळीचा एखादा कण सरकला, की जुनी फ्लॅट निरुपयोगी होते. इतकेच नव्हे, तर नसलेली सावली पुसायला जाऊन ती चित्रात नवा उजळ डाग निर्माण करते. फ्रेम एकदा ताऱ्यांवर जुळवून सरकवल्या, की सेन्सरवरील जागा आणि चित्रातील जागा यांचा मेळ उरत नाही, म्हणून ही दुरुस्ती जुळणीपूर्वीच व्हायला हवी. रात्रीचे काम संपल्यावर, दुर्बीण जशी आहे तशीच ठेवून, तिच्या तोंडावर पांढरे कापड ताणून पहाटेच्या उजेडात २०-३० फ्लॅट घेतल्या की पुरे. फ्लॅट घेण्याचा कंटाळा हा या छंदातील सर्वांत महागात पडणारा कंटाळा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डार्क फ्रेमची, म्हणजे दुर्बिणीचे तोंड झाकून घेतलेल्या फ्रेमची, गोष्ट वेगळी आहे. शीतकरणाची सोय असलेल्या कॅमेऱ्यात तापमान, गेन (सेन्सरचा संकेत वाढवण्याचे प्रमाण) आणि एक्स्पोजर तेच ठेवले, तर एकदा घेतलेल्या डार्क अनेक महिने चालतात. आपल्या डीएसएलआरला ती सोय नाही, आणि सेन्सरमधील डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही उमटणारा संकेत, तापमान सुमारे ६ अंश सेल्सिअसने वाढले की दुप्पट होतो. नोव्हेंबर आणि जानेवारीतील रात्रींच्या तापमानातील फरक पाहता, त्या-त्या रात्री डार्क घेणेच श्रेयस्कर.

डीपस्कायस्टॅकर या मोफत प्रणालीत दोन्ही रात्रींना सामाईक असलेल्या बायस फ्रेम (तोंड झाकून, शक्य तितक्या कमी एक्स्पोजरने घेतलेल्या) मुख्य गटात टाकाव्यात आणि प्रत्येक रात्रीच्या लाइट (प्रत्यक्ष दीर्घिकेच्या फ्रेम), फ्लॅट व डार्क स्वतंत्र गटात द्याव्यात. सिरिल या दुसऱ्या प्रणालीत प्रत्येक रात्रीची मालिका आधी दुरुस्त करून, ‘मर्ज’ आज्ञेने मालिका एकत्र जोडून, मग जुळणी आणि स्टॅकिंग करावे. दोन्ही मार्गांनी तत्त्व तेच राहते.

प्रश्न : माझ्याकडील निम्म्या फ्रेम चांदण्या रात्रीच्या आहेत. त्या वापराव्यात की टाकून द्याव्यात?

उत्तर : वापराव्यात, परंतु वजन देऊन. समजा, काळोख्या आकाशाच्या २० फ्रेम आहेत आणि चंद्रप्रकाशामुळे पार्श्वभूमी चौपट उजळलेल्या आणखी २० आहेत. चौपट पार्श्वभूमीत नॉईज सुमारे दुप्पट असतो. या ४० फ्रेमांची साधी सरासरी काढली, तर निष्पत्ती १६ चांगल्या फ्रेमांइतकी होते, म्हणजे चांदण्या फ्रेम टाकून दिल्या असत्या तरी चित्र अधिक चांगले आले असते. पण प्रत्येक फ्रेमला तिच्या नॉईजच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन दिले, म्हणजे येथे चांदण्या फ्रेमला एक-चतुर्थांश, तर निष्पत्ती २५ चांगल्या फ्रेमांइतकी होते. आज जवळजवळ प्रत्येक स्टॅकिंग प्रणालीत अशा वजनाची सोय आहे. ती सुरू करायला विसरू नये. अर्थात हे सर्व केवळ उजेडाबद्दल झाले. ज्या फ्रेममध्ये तारे लांबट झाले आहेत किंवा पातळ ढगांमुळे ताऱ्यांभोवती वलये आली आहेत, ती वगळलेलीच बरी.

चंद्राचा उजेड चित्रभर सारखा पसरत नाही आणि त्याचा उतार रात्रीगणिक दिशा बदलतो. दुर्बीण याम्योत्तर वृत्त (आकाशातील दक्षिणोत्तर मध्यरेषा) ओलांडताना माउंट, म्हणजे दुर्बीण फिरवणारा आधार, उलटवला, की तोच उतार फ्रेममध्ये उलट्या बाजूने येतो. स्टॅकिंगमधील नॉर्मलायझेशन सरासरी उजळपणा जुळवते, उताराचा आकार जुळवत नाही. म्हणून प्रत्येक सुट्या फ्रेममधून केवळ साधा, एकघाती उतार आधी वजा करावा. त्याहून गुंतागुंतीची पार्श्वभूमी सुट्या फ्रेममधून काढू नये, कारण एका फ्रेममध्ये दीर्घिकेची मंद कड आणि आकाशाचा उजेड वेगळे ओळखता येत नाहीत.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात पुण्यातील गच्चीवरून घेतलेल्या फ्रेम यंदाच्या फ्रेममध्ये मिसळता येतील का? आणि किती रात्री पुरेशा होतात?

उत्तर : तेजोमेघ आणि दीर्घिका यांच्या बाबतीत वर्षाच्या अंतराने काहीच बिघडत नाही. वर्षाला सुमारे १० विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) सरकणारा बर्नार्डचा तारा हा अत्यंत दुर्मीळ अपवाद. धूमकेतू आणि ग्रह यांना मात्र हा मार्ग लागू नाही. व्यावसायिक खगोलशास्त्रातही हेच होते. हबल दुर्बिणीने डिसेंबर १९९५मध्ये सप्तर्षीतील एका रिकाम्या भासणाऱ्या तुकड्याची ३४२ एक्स्पोजर सलग १० दिवसांत घेऊन एकत्र केली. २००३-०४मधील अल्ट्रा डीप फील्डसाठी ८०० एक्स्पोजर लागली. आणि २०१२मध्ये प्रसिद्ध झालेले एक्स्ट्रीम डीप फील्ड हे १० वर्षांत जमलेल्या सुमारे २,००० प्रतिमांमधून घडले. हौशी निरीक्षकांचे उदाहरण तर आम्हाला अधिकच मोलाचे वाटते. यान सँती, मार्सेल ड्रेक्सलर आणि झेवियर स्ट्रॉटनर यांनी देवयानी दीर्घिकेच्या शेजारी दिसणारी, ५००.७ नॅनोमीटर तरंगलांबीवर चमकणारी ऑक्सिजनची एक विस्तीर्ण कमान शोधून काढली आणि तो शोध जानेवारी २०२३मध्ये जाहीर झाला. जगात सर्वाधिक छायाचित्रे घेतल्या गेलेल्या दीर्घिकेजवळची ही कमान अनेक रात्रींची, एकूण १०० तासांहून अधिक एक्स्पोजर एकत्र केल्यावरच उमटली.

जुन्या फ्रेम जुळवायच्या असतील, तर यंदा कॅमेऱ्याचा कोन तोच ठेवावा. प्लेट सॉल्व्हिंगच्या, म्हणजे चित्रातील ताऱ्यांवरून कॅमेऱ्याची दिशा व कोन ओळखणाऱ्या पद्धतीच्या, साहाय्याने हे काही मिनिटांत साधते. कोन फार वेगळा असेल तर जुळणी होईल, परंतु सामाईक भाग आक्रसेल आणि कडा कापाव्या लागतील. गेल्या वर्षीच्या फ्लॅट जपून ठेवल्या असतील, तर त्या फ्रेमांना त्याच लावाव्यात.

किती रात्री, याचे उत्तर वर्गमूळच देते. ५ तासांच्या चित्रापेक्षा दुप्पट स्वच्छ चित्र हवे असेल तर २० तास लागतील, आणि त्याच्याही दुप्पट हवे असेल तर ८०. आकाश ३ प्रतींनी (प्रत म्हणजे तेजस्वितेचे खगोलीय माप) अधिक उजळ असेल, तर तेच मंद तपशील मिळवायला सुमारे १६ पट वेळ लागतो, म्हणजे गावाबाहेरील काळोखातला एक तास गच्चीवरच्या १६ तासांइतका. म्हणून यंदा अमावास्येच्या आसपासच्या दोन रात्री शहरापासून दूर काढाव्यात, त्यांनाच आधार मानावे, आणि गच्चीवरील फ्रेम त्यांना मिळणाऱ्या अल्प वजनानिशी त्यांच्यात मिसळाव्यात.