‘दास’ म्हणजे गडी की गुलाम?

प्रश्न असा आला आहे: मराठी बायबलमध्ये ‘दास’ वारंवार येतो. अमेरिकेत म्हणे याच वचनांवर गुलामगिरीचं समर्थन झालं. मग दास म्हणजे नोकर की गुलाम?

नव्या करारातला (बायबलच्या दुसऱ्या भागातला) मूळ ग्रीक शब्द ‘दूलोस’. अर्थ उघड आहे: धन्याच्या मालकीचा माणूस. पगारी गडी नव्हे. घोळ घातला तो इंग्रजीने. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये बहुतेक ठिकाणी ‘सर्व्हंट’ आहे. ‘स्लेव्ह’ त्या एवढ्या जाडजूड ग्रंथात जेमतेम दोनदा सापडतो.

अमेरिकेच्या दक्षिणेतले मळेवाले नव्या करारातल्या ‘इफिसकरांस पत्र’ या पुस्तकाचा सहावा अध्याय पुढे करत: दासांनी धन्याची आज्ञा पाळावी. गुलामगिरीच्या विरोधकांपैकी काही म्हणत, इथे तर ‘सर्व्हंट’ आहे, गुलामाचा संबंधच काय? हेतू चांगला, पण ग्रीक त्यांच्या बाजूने नव्हतं. त्यापेक्षा त्यांचं दुसरं हत्यार बळकट होतं. अनुवाद २३:१५ (‘अनुवाद’ हे जुन्या करारातल्या पुस्तकाचं नाव, भाषांतर नव्हे!) सांगतं, पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नका. फरारी गुलामांना पकडून परत देण्याचा १८५०चा अमेरिकी कायदा या वचनाच्या बरोबर उलटा होता.

आपली गोची निराळी. भक्तिपरंपरेने ‘दास’ गोड करून टाकला: रामदास, तुळशीदास, दासानुदास. रोमकरांस पत्राच्या आरंभी ते लिहिणारा पौल, ख्रिस्ताचा आद्य प्रचारक, स्वतःला ख्रिस्ताचा दूलोस म्हणवतो, तिथे ‘दास’ चपखल बसतो. पण धन्याच्या घरातल्या माणसाला तोच शब्द लावला की खरेदी-विक्री, फटके, काहीच डोळ्यांसमोर येत नाही. ‘गुलाम’ म्हटलं की येतं, जरी त्याचा मूळ अरबी अर्थ नुसता ‘मुलगा’ असला तरी. जोतीरावांनी १८७३ साली पुस्तकाला ‘गुलामगिरी’ हे नाव दिलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं. ‘दास्य’ या नावाला तो चटका आला नसता.

म्हणून माझं मत: रोमकरांस पत्रात ‘दास’ राहू द्या, इफिसकरांस पत्रात मनातल्या मनात ‘गुलाम’ वाचा. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात तर नक्कीच. अनेसिम हा फिलेमोनाचा गुलाम; त्याला आता दूलोस म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून घरात घे, असं पौल त्याच्या धन्याला सांगतो. तिथे गोडसर ‘दास’ वाचला, तर पौल नेमकं काय मागतोय तेच कळत नाही.