उपग्रहाच्या चित्रांचा ऊस उत्पादकाला खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की मिरजेजवळच्या तुमच्या साडेचार एकर उसावर ‘उपग्रहावरून लक्ष ठेवतो’ म्हणून एक ॲपवाले वर्षाचे पैसे मागतायत, ते घ्यावं का. माझं मत असं, की चित्रं जरूर वापरा, पण आधी एक हंगाम फुकटची वापरून बघा. आमच्या उसासाठी मी तेच करतो.

युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं सगळ्यांना मोफत आहेत. कोपर्निकस ब्राउझर हे संकेतस्थळ उघडा, नकाशात आपलं रान शोधा, ढग नसलेली तारीख निवडा आणि एनडीव्हीआय (पिकाचा हिरवेपणा मोजणारा आकडा) लावा. साधारण दर 5 दिवसांनी नवं चित्र येतं. त्यातला एक चौकोन 10 बाय 10 मीटरचा, म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा. तुमच्या रानाचे सुमारे 180 चौकोन होतील. बांधाकडचे मात्र धरू नका, त्यात शेजाऱ्याचं पीक आणि बांधावरची झाडं मिसळतात.

हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. या दोन्हींवरून उणे 1 ते 1 यांच्यामधला आकडा निघतो, तोच एनडीव्हीआय. उघड्या जमिनीचा 0.1-0.2 च्या आसपास, दाट पिकाचा 0.7 च्या वर. आकडा पडला म्हणजे हिरवा पाला कमी, एवढंच कळतं. मुळं खाणारी हुमणी अळी लागली, ठिबकची नळी (लॅटरल) चोंदली, नत्र कमी पडलं किंवा उगवणीत तूट राहिली, तरी डाग सारखाच दिसतो. उलट तण माजलं तर रान झकास हिरवं दिसतं. त्यामुळे डाग दिसला की तिथं चालत जाऊन ऊस उपटून बघायला लागतोच. कुठे जायचं ते चित्र सांगतं, आणि उंच उसात तेच कळणं अवघड असतं.

उसाच्या दोन अडचणी आहेत. जून ते सप्टेंबर ढगांमुळे चित्रं फारशी मिळत नाहीत. रडारवाला सेंटिनेल-1 ढगांतूनही बघतो, पण त्याची चित्रं वाचणं आपल्यासाठी सोपं नाही. दुसरं म्हणजे सऱ्या झाकून गेल्या की एनडीव्हीआय वर जाऊन टेकतो आणि चांगल्या-मध्यम उसातला फरक पुसला जातो. म्हणून ‘सुरू’ (डिसेंबर-फेब्रुवारी) किंवा ‘पूर्वहंगामी’ (ऑक्टोबर-नोव्हेंबर) लागणीत मोठ्या बांधणीपर्यंतचा, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची भर देईपर्यंतचा काळ सगळ्यात कामाचा.

माझ्या मते खरी किंमत जुन्या चित्रांची आहे. 2019 पासूनची चित्रं काढा आणि दरवर्षी पीक साधारण त्याच वाढीत असतानाची तारीख घ्या. डाग जागा बदलत असेल तर कारण त्या-त्या वर्षाचं. पण ऊस असो, सोयाबीन असो की हरभरा, तोच कोपरा मागे राहत असेल तर दुखणं जमिनीचं आहे. कृष्णाकाठच्या आपल्या पट्ट्यात ते बहुतेक वेळा सखल भागात सापडतं. पाणी जास्त, निचरा नाही, भूजल वर येतं, उन्हाने पाणी उडतं आणि क्षार वर राहतात. एप्रिल-मे मध्ये रान मोकळं असताना साध्या रंगातलं चित्र बघा, क्षार पांढरट दिसतात. पसरलेलं पाचटही फिकट दिसतं, तेव्हा पायाने जाऊन खात्री करा.

मग मातीचे नमुने डागातले वेगळे आणि चांगल्या उसातले वेगळे द्या. एकत्र केले तर सरासरीत सगळं लपतं. क्षारता जास्त पण सामू (पीएच) 8.5 च्या खाली असेल तर जमीन क्षारयुक्त. तिला निचरा आणि गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणं हाच उपाय. सामू 8.5 च्या वर आणि सोडियम जास्त असेल तर चोपण, तिथं जिप्सम आणि निचरा दोन्ही लागतात. आमच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात वेगळा नमुना दिल्यावर नुसते क्षार निघाले, म्हणून जिप्समचा खर्च टळला आणि पैसा निचऱ्याला गेला. अशा पट्ट्यात खताची जादा पोती टाकून ऊस उठत नाही. पाणी तोडून धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) घ्यावा, हे मी कुणालाही सांगेन.

जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकायचे तर पाणी ओढ्यापर्यंत काढावं लागतं, ते एकट्याचं काम नाही. इथं हे चित्र फार उपयोगी पडतं. डाग गट नंबर बघून थांबत नाही, चार-पाच जणांच्या रानांतून सलग दिसतो. मोबाइलवर तो दाखवला की सामायिक चरीचं बोलणं सुरू करता येतं.

ॲपवाल्यांना विचारा: डाग दिसल्यावर तुमचा माणूस रानात येणार का? माती तपासून देणार का? दोन्हींना नाही म्हणाले तर तेच पैसे चार वेगळ्या नमुन्यांच्या तपासणीला घाला.