रिमॅप केलेली गाडी आणि नाकारलेली वॉरंटी

प्रश्न : माझी डिझेल एसयूव्ही वॉरंटीत आहे. पिकअप कमी वाटायचा म्हणून हिंगणा रोडवरच्या एका गॅरेजमधून ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रिमॅप करून घेतला, म्हणजे त्यातला प्रोग्रॅम बदलून घेतला. १८,००० रुपये यूपीआयने दिले, बिल मिळालं नाही. ‘काही नाही होत भाऊ, कंपनीला कळतच नाही,’ असा त्यांचा व्हॉट्सॲप मेसेज आहे. चार महिन्यांत क्लच आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) दोन्ही गेले. कंपनीने वॉरंटी नाकारली, खर्च दीड लाख सांगितला. आता गॅरेजवाला म्हणतो, ईसीयूत जुनी फाइल (मूळ प्रोग्रॅम) परत बसवून देतो, दुसऱ्या सर्व्हिस सेंटरला जा. जाऊ का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत ईसीयूचं प्रोग्रॅमिंग किती वेळा झालं याची नोंद ईसीयूतच राहते आणि कंपनीच्या स्कॅनरला ती दिसते. शिवाय तुम्हाला मिळालेला नकार चासी नंबरवर आधीच चढलेला असणार. आज तुम्ही वॉरंटी नाकारलेले ग्राहक आहात, उद्या लबाडी करणारे ठराल. आणि गॅरेजविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे त्याने टाकलेली फाइल. ती त्याच्याच हातून पुसून घ्यायची?

आधी नेमकं काय बदललं ते काढा. नुसता पेडल मॅप (ॲक्सिलरेटर किती दाबला की किती ताकद मागायची याचं गणित) बदलला असेल, तर पाय थोडा दाबला तरी जास्त टॉर्क (इंजिनची ओढ) मागितला जातो, पण कमाल टॉर्क तेवढाच राहतो. गाडी चपळ वाटते. एवढ्याने टर्बो जाणं पटत नाही. टॉर्क लिमिटर (टॉर्कवरची मर्यादा) उचलून बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवला असेल तर गोष्ट वेगळी. क्लच ज्या टॉर्कसाठी बनवला त्याहून जास्त आला की तो घसरतो आणि जळतो.

पहिली शक्यता खरी असेल, तर कंपनीशी भांडा. वॉरंटीतल्या अपवादाचा आधार घेणाऱ्याने बदल आणि बिघाड यांचा संबंध दाखवायला हवा. नकार कारणांसह लेखी मागा, स्कॅन रिपोर्टही मागा. दुसरी खरी असेल, आणि माझा अंदाज तोच आहे, तर कंपनीचा नाद सोडा, गॅरेज धरा. क्लच तेवढा टॉर्क पेलेल का हे न तपासता फाइल टाकणं ही सेवेतली त्रुटी आहे. बिल न देणं ही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा. ‘लेखी हमी दिली नव्हती’ या बचावाला तो मेसेज पुरेसं उत्तर आहे. मोबाइल फॉरमॅट करू नका. तो मेसेज पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागेल.

एक गोष्ट मात्र मला खरी सांगा : ईजीआर किंवा डीपीएफ (धुरातलं प्रदूषण कमी करणारी यंत्रणा आणि काजळीचा फिल्टर) बंद केलंय का? केलं असेल, तर गाडी प्रदूषणाच्या नियमांबाहेर गेली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि बेकायदा कामाचाच करार असेल तर करार कायद्याच्या कलम २३ चा (बेकायदा उद्देशाचा करार टिकत नाही) मुद्दा निघतो, तुमची भरपाईची बाजू लंगडी होते. तक्रारीत हे लपवलंत तर उलटतपासणीत निघेलच.

गाडी उघडण्याआधी त्रयस्थ सर्व्हेअरकडून पाहणी करून घ्या. जळालेली क्लच प्लेट, टर्बो, सगळे जुने पार्ट्स ताब्यात ठेवा. मग गॅरेजला स्पीड पोस्टने नोटीस द्या, उत्तराला पंधरा दिवस पुरेत. नाही आलं तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. गॅरेजला दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही.

विम्याकडून आशा ठेवू नका, साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही. पण रिमॅप विमा कंपनीला कळवा. अपघाताचा दावा आला की हाच मुद्दा ते काढतील.