परदेश प्रवासाचे शेवटचे दोन दिवस

प्रश्न : दिवाळीनंतर मी आणि माझी महाविद्यालयापासूनची मैत्रीण, अशा दोघीच जपानला जाणार आहोत. टोकियो, क्योतो व हिरोशिमा पाहून झाल्यावर अखेरचे दोन दिवस हाकोने येथील गरम पाण्याच्या झऱ्यांवर निवांत घालवावेत, असा तिचा आग्रह आहे. एवढा खर्च करून गेल्यावर नुसते बसून राहणे मला पटत नाही. शिवाय तेथे विवस्त्र स्नान करावे लागते, याचाही संकोच वाटतो. काय करावे? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आम्ही तुमच्या मैत्रिणीच्या बाजूने आहोत. रोज नवे शहर, रोज बॅगा भरणे आणि रेल्वेच्या वेळा पाळणे यांत कितीही जुन्या मैत्रिणी असल्या तरी एकमेकींच्या सवयी खुपू लागतात, आणि त्या अवस्थेत थेट विमानात बसले की घरी येते ती बहुतांशी चिडचिड. हाकोने टोकियोच्या शिंजुकू स्थानकापासून खास गाडीने सुमारे दीड तासावर आहे. तेथील पारंपरिक निवासात, म्हणजे रयोकानमध्ये, चटईच्या खोलीत गादी घालून मिळते, जेवणाची वेळ ठरलेली असते आणि वेळापत्रक सांभाळण्याचे काम तुमच्यापैकी कोणाकडेच राहत नाही. एकीने पुस्तक वाचावे, दुसरीने झोपावे. सतत बोलत राहण्याचे बंधन नसणे हीच मोठी विश्रांती आहे.

संकोचाविषयी सविस्तर सांगायला हवे. आपल्याकडे उनकेश्वरसारख्या गरम झऱ्यांच्या ठिकाणी अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान करण्याची रीत असल्यामुळे हा प्रकार अवघड वाटणे साहजिक आहे. मात्र स्त्रियांची आणि पुरुषांची कुंडे सहसा वेगळी असतात, आणि कोणी कोणाकडे पाहत नाही. कुंडात उतरण्यापूर्वी लहान स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवावे लागते, केस बांधून घ्यावे लागतात आणि हातातील छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नसतो. तो घडी करून डोक्यावर ठेवतात. मैत्रिणीसमोरही अवघडल्यासारखे होत असेल, तर दोघींनी वेगवेगळ्या वेळी जावे. पहाटे गर्दी कमी असते. अनेक ठिकाणी ठरावीक वेळेसाठी खासगी कुंड भाड्याने मिळते, आणि दोघींपैकी कोणाच्या अंगावर गोंदण असेल तर तोच मार्ग सोपा, कारण गोंदण असलेल्यांना सार्वजनिक कुंडात पुष्कळ ठिकाणी मनाई असते. पाणी बहुधा चाळीस अंशांच्या वर असते, म्हणून पहिल्यांदा दहा मिनिटे पुरेत. रक्तदाबाचा त्रास असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. स्नानानंतर युकाता, म्हणजे सुती जपानी झगा, नेसताना डावी बाजू उजवीवर यावी, कारण उलट पद्धत मृतांसाठी असते.

शाकाहारी असाल तर खोली राखून ठेवतानाच तसे लेखी कळवावे, कारण भाजीच्या रश्श्यातही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. पूर्ण दिवस बसून राहणे अगदीच असह्य झाले तर ओवाकुदानी येथे गंधकाच्या वाफा पाहाव्यात आणि तेथील काळ्या कवचाची उकडलेली अंडी खावीत. एका अंड्याने सात वर्षे आयुष्य वाढते, असे तेथे सांगतात. त्याहून अधिक स्थळे यादीत घालू नयेत.

मैत्रिणीच्या बेतात आम्ही एकच बदल सुचवू. परतीचे विमान सकाळचे असेल, तर हाकोनेचा मुक्काम एक दिवस अलीकडे आणून अखेरची रात्र विमानतळाजवळ काढावी. दिल्ली किंवा मुंबईला उतरून पुढे नागपूरचे विमान धरायचे असल्याने आरंभीच धावपळ नको. आणि सामाईक खर्चाचा हिशेब हाकोनेला पोहोचण्याआधी, गाडीतच मिटवावा. कोणी किती येन दिले, यावरचा वाद गरम पाण्यातून निघाल्यावर करण्यासारखा नसतो, आणि नागपुरात परतल्यावर तर तो काढणेच दोघींना जड जाते.