वाचकांचे प्रश्न : पदवी मुंबईची, कॉलेज पणजीचे

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९७० च्या सुमारास पणजीत बी.कॉम. केले, पण त्यांच्या पदवीपत्रावर मुंबई विद्यापीठाचे नाव आहे. हे कसे? गोव्यात वाणिज्य शिक्षणाची सुरुवात कधी झाली?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : पदवीपत्र अगदी बरोबर आहे. पोर्तुगीज राजवटीत पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, परंतु विद्यापीठ नव्हते. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर पुढच्याच वर्षी पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालये निघाली व ती मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. वाणिज्यासाठी पणजीत १९६६ मध्ये धेंपे वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय सुरू झाले. खनिजाची निर्यात, मुरगाव बंदर आणि बँकांच्या नव्या शाखा यांना हिशेब जाणणारी माणसे हवीच होती, त्यामुळे या शाखेला विद्यार्थ्यांची वाण पडण्याचे कारण नव्हते. अभ्यासक्रम आणि पदवी मात्र मुंबईची. आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाणारे मुंबईचे सिडनहॅम (१९१३) त्या काळी ज्या विद्यापीठाचे होते, त्याच विद्यापीठाची, हेही तुमच्या वडिलांना सांगावे.

१९८४ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या गोवा विद्यापीठाचे काम १९८५ मध्ये सुरू झाले आणि गोव्यातील महाविद्यालये त्याच्याकडे आली. ताळगावच्या पठारावरील या विद्यापीठात आता वाणिज्य, व्यवस्थापन, अर्थशास्त्र आणि संगणकशास्त्र हे विषय ‘गोवा बिझनेस स्कूल’ या एकाच छत्राखाली आहेत. त्यात संगणकशास्त्र पाहून जुन्या बी.कॉम. मंडळींच्या भुवया उंचावतील, पण आजचा हिशेब संगणकावरच होतो.